टोपलीतले विषय

परवा रात्री भाचीचा फोन आला. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, तालुक्याच्या गावी. "मामा, मला फिजिक्सबरोबर इतिहास घ्यायचा होता. नव्या धोरणात चालतं म्हणाले होते ना सगळे? कॉलेजात विचारलं तर म्हणे टोपलीत दोनच विषय आहेत, त्यातला एक घे. इतिहासाला तासिका तत्त्वावरचे एक सर होते, ते यंदा आलेच नाहीत."

टोपली म्हणजे 'बास्केट'. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे कप्पे पाडलेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ती आली आणि 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचली.

मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि फोन ठेवला. मग झोप लागेना. दहावीला बरे मार्क पडले म्हणून घरच्यांनी मला सायन्सला घातलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. इतिहासाचं पुस्तक शेजारच्या मुलाला देऊन टाकताना वाटलं होतं ते अजून आठवतं. असो. पण त्यामुळे हा निवडीचा प्रकार मुळात आला कुठून, ते जुनी पुस्तकं काढून पुन्हा वाचलं. तेच इथे मांडतो.

गोष्ट अमेरिकेतल्या हार्वर्डची. 1869 मध्ये चार्ल्स एलियट नावाचा 35 वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ तिथे अध्यक्ष झाला. तोवर तिथल्या पदवीचा साचा बराचसा ठरलेला होता. ग्रीक, लॅटिन, गणित, थोडं तत्त्वज्ञान. सगळ्यांना जवळजवळ तेच. येल कॉलेजने तर 1828 मध्ये एक मोठा अहवाल काढून या पद्धतीची बाजू मांडली होती. अभिजात भाषांनी मनाला वळण लागतं, तालीम होते, असं त्यांचं म्हणणं. एलियटला ते पटेना. प्रत्येकाचं डोकं वेगळं, मग सगळ्यांना एकच पाढा कशाला? त्याने सक्तीचे विषय एकेक वर्ष करून सोडवत आणले. 1872 मध्ये शेवटच्या वर्षाचे सुटले, 1879 मध्ये तिसऱ्या वर्षाचे, 1884 मध्ये दुसऱ्या वर्षाचे. 1897 पर्यंत पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा एक विषय सोडला तर सक्तीचं काही उरलंच नाही.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. एलियटने नुसतं 'काहीही निवडा' असं सांगितलं नाही, निवडण्यासारखं काही उभंही केलं. तो 40 वर्षं, म्हणजे 1909 पर्यंत, अध्यक्ष होता. तेवढ्या काळात हार्वर्डमधल्या शिक्षकांची संख्या कित्येक पटींनी वाढली. विषय वाढवायचे तर शिकवणारी माणसं लागतात, त्यांना पगार लागतात, ग्रंथालय लागतं, प्रयोगशाळा लागते. त्याने देणग्या मिळवल्या आणि त्या या कामाला लावल्या.

तरी घोळ झालाच. पोरं शेवटी पोरंच! बऱ्याच जणांनी सोपे विषय हुडकले, सगळे प्राथमिक पातळीवरचे. इकडचं थोडं, तिकडचं थोडं, खोलात काहीच नाही. 1903 मध्ये हार्वर्डच्याच समितीने पाहणी केली, तेव्हा विद्यार्थी अपेक्षेपेक्षा फार कमी अभ्यास करतात असं दिसलं. त्या समितीवर लॉरेन्स लॉवेल होता आणि 1909 मध्ये एलियटच्या जागी तोच आला. त्याने मधली वाट काढली. एका विषयात खोल जायचं आणि उरलेल्यांतले काही विषय वेगवेगळ्या ज्ञानशाखांतून घ्यायचे. आपल्याकडचे आजचे मेजर-मायनर हे त्याच कुळातले.

आता आपल्या माणसाकडे येतो. लॉवेलच्याच काळात गोव्याचा एक मुलगा हार्वर्डमध्ये शिकत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी तिथे गेले होते, त्यांच्याबरोबर हा 1918 मध्ये अमेरिकेला गेला. पुढे हार्वर्डमध्ये बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याला गणितावरच लक्ष दे असं सुचवलं. याने मात्र नाना विषय घेतले, भाषा शिकल्या आणि 1929 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. फर्ग्युसनमध्ये आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित. 1944 मध्ये आनुवंशिकीतलं एक सूत्र, जे आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं ते गाजलेलं पुस्तक. मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं नाण्यांचं काम. वापरून वापरून नाणं झिजतं, वजन घटतं. मग वजनांच्या संख्याशास्त्रावरून जुन्या आहत नाण्यांचा क्रम लावता येईल का? ते तपासायला त्यांनी तेव्हाची चलनातली नाणीसुद्धा तोलून पाहिली! निव्वळ गणित्याला हा प्रश्न पडला नसता, आणि निव्वळ इतिहासकाराला पडला असता तरी सोडवता आला नसता.

अर्थात कोसंबी हे कोसंबी होते. हार्वर्डने त्यांना घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. घरात पाली-संस्कृतचा एवढा मोठा पंडित बाप होता. पण हार्वर्डने त्यांना अडवलं नाही, हे तर खरं? आपल्याकडे आर्ट्स, सायन्स, कॉमर्स अशा तीन भिंती घालून आपण किती जणांना अडवलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणून धोरणाला माझा विरोध नाही. भिंत पडली हे चांगलंच झालं. पण एलियटची अर्धीच गोष्ट आपण उचलली की काय, अशी धास्ती वाटते. निवड कागदावर आली आणि शिकवणारा आलाच नाही, तर टोपली रिकामीच. पुन्हा ज्यांच्या गावात मोठी कॉलेजं आहेत त्यांना निवड आणि तालुक्याच्या पोरीला 'हे दोन, यातलं एक घे'. जुन्या साच्यात निदान सगळे सारखे अडकलेले होते.

काल मीच भाचीला फोन केला. म्हटलं, टोपलीतला घ्यायचा तो विषय घे, परीक्षा दे. इतिहास आपण दोघं वाचू. दर रविवारी अर्धा तास, फोनवर. नाण्यांपासून सुरुवात करू, तुझं फिजिक्स तिथे कामी येईल.

"मामा, तुला तरी येतो का इतिहास?" ती म्हणाली.

"नाही ना," म्हटलं, "माझाही राहूनच गेलाय."