सायकलचा दिवा

आठवीत असताना गावच्या रस्त्यावर अंधारात माझी सायकल एका आजोबांवर धडकली. "पोरी, तू दिसलीच न्हाईस गं," एवढंच ते कण्हत म्हणाले. त्याचा अर्थ मला पुढे पुण्यात कळला. सायकलींच्या त्या शहरात पूर्वी पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिवा सक्तीचा असे आणि डबलसीट दिसली की पोलीस अडवत. 1950 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी बिल्ला राहिला. लोकांना हा जाच वाटे. पण सायकलला आवाज नसतो. पायी चालणाऱ्याला तिची चाहूल लागते ती दिव्याने आणि घंटीने. पुढे स्कूटर-मोटारी वाढल्या, बिल्ल्याबरोबर दिवाही गेला. आता मोटारींच्या धाकाने सायकल फुटपाथवर चढते आणि धक्का पुन्हा आजोबांनाच बसतो. मित्रमैत्रिणींनो, मुलांना सायकल घ्याल तेव्हा आधी दिवा आणि घंटी बसवा.