बोधनिक विसंवाद : मालदांडीच्या मोहोळमधील ऊस

रब्बी ज्वारीचे सर्वांत नावाजलेले वाण ‘मालदांडी ३५-१’ हे १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवड करून तयार झाले. पेरणीनंतर पावसाने पाठ फिरवली तरी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे पीक हाती लागते, ही त्याची ख्याती. आज त्याच मोहोळ तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या काठी व उजनीच्या पाण्याच्या लाभक्षेत्रात उसाचे मळे उभे आहेत. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो, आणि राज्यातील सर्वाधिक साखर कारखानेही याच जिल्ह्यात आहेत.

पाणी जपले पाहिजे, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. वर्षभर, आणि आडसाली लागवड असेल तर सोळा ते अठरा महिने, पाणी पिणारे पीक आपल्याच रानात आहे, हेही प्रत्येकजण जाणतो. परस्परांशी न जुळणाऱ्या अशा दोन जाणिवा मनात एकत्र आल्या की जी अस्वस्थता निर्माण होते, तिला मानसशास्त्रात ‘बोधनिक विसंवाद’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये या नावाच्या ग्रंथातून हा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही अस्वस्थता भुकेसारखी असते. ती शमवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. शमवण्याचे ठळक मार्ग दोन. कृती बदलावी, किंवा मत बदलावे. कृती बदलणे महाग पडते, म्हणून बहुधा मत बदलले जाते.

या सिद्धांताचे एक मूळ भारतात आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने केला होता. ज्या गावांना धक्के जाणवले, पण जेथे पडझड झाली नाही, तेथे याहून भीषण संकट येणार असल्याच्या अफवा उठल्या होत्या. घाबरलेली माणसे अधिक घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात, हा प्रश्न फेस्टिंजर यांना पडला. या अफवा भीती निर्माण करीत नव्हत्या, तर मनात आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवीत होत्या, असे उत्तर त्यांना सापडले. भावना अगोदर आणि तिचे समर्थन मागाहून, हा क्रम त्यांच्या पुढील सर्व कामाचा कणा ठरला.

१९५९ मध्ये फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी केलेला प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत असतो. विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणे काम करून घेण्यात आले. मग ‘काम फार मनोरंजक आहे’ असे पुढच्या उमेदवाराला खोटे सांगण्याबद्दल काहींना एक डॉलर व काहींना वीस डॉलर देण्यात आले. शेवटी प्रत्येकाचे खरे मत विचारले, तेव्हा एक डॉलरवाल्यांना ते काम अधिक आवडल्याचे दिसले. वीस डॉलर घेणाऱ्याजवळ खोटे बोलण्याचे सबळ कारण होते. एक डॉलरवाल्याला ते नव्हते, म्हणून त्याने आपले मतच वळवून घेतले.

हा प्रयोग मोहोळच्या शिवारात नेला, तर ऊसकरी शेतकऱ्याला ढोंगी म्हणणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किफायतशीर दर आहे, तोडणी लावणारी यंत्रणा आहे, आणि वादळवाऱ्यात ऊस लोळला तरी कारखाना तो घेतो. ज्वारीला इतका भक्कम आधार नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात वीस डॉलर आहेत. म्हणूनच ‘ऊस जमिनीला बरा नाही, पण पैका त्याचाच खात्रीचा’ असे तो उघडपणे बोलू शकतो. भाकरी मालदांडीची हवी आणि रानात ऊस हवा, यात त्याला आड येईल असे काही वाटत नाही.

विसंवाद डोके वर काढतो तो पाण्याच्या वाटपापाशी. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनीतील पाण्यावर कोणाचा हक्क किती, हा वाद जुनाच आहे. २०१३च्या दुष्काळात उजनीत वरच्या धरणांतून पाणी सोडावे, या मागणीसाठी सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ उपोषण केले. मागणी रास्त होती. मात्र अशा प्रत्येक लढ्यात दोषाचे बोट प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जाते. सोलापूरकर पुण्याकडे बोट दाखवतो, कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी मुखाकडच्याकडे आणि गाव शहराकडे. सोलापूर शहरासाठी नदीत पाणी सोडले की काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडण्याची वेळ येते. उपसा करणाऱ्याच्या लेखी तेव्हाही ते ‘हक्काचे पाणी’ असते. आपला उपसा हक्क आणि दुसऱ्याचा तो पळवापळवी, असा नैतिक शब्दकोश तयार झाला की मन शांत होते.

निर्णय मागे घेता येईनासा झाला की हे समर्थन घट्ट होते. १९६८ मध्ये कॅनडातील घोड्यांच्या शर्यतींवर झालेल्या एका अभ्यासात, पैसे लावण्यासाठी रांगेत उभे असलेल्यांपेक्षा पैसे लावून नुकतेच बाहेर पडलेल्यांना आपला घोडा जिंकण्याची अधिक खात्री वाटत होती. मधल्या क्षणात घोडा काही बदलला नव्हता. उसाची लागण झाली की खोडव्यासह दोन-तीन वर्षांचा डाव मांडला जातो. त्यानंतर यंदा पाऊस चांगलाच होणार, असे वाटू लागणे स्वाभाविक आहे.

शहरी वाचकाने यात आपले हात झटकू नयेत. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नमूद केले होते. त्यावर हळहळणाऱ्याच्या चहातील साखर कमी होत नाही. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. खेळपट्टीवरच्या पाण्याबद्दलचा तेव्हाचा संताप खरा होता, आणि सोयीचाही; त्यात कोणाच्या घरचा नळ बंद होत नव्हता.

सिद्धांत निर्विवाद आहे, असे नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ प्रयोगशाळांच्या संयुक्त पडताळणीत, स्वतःच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्यांची मते थोडी सरकली खरी. पण ‘हे मी स्वेच्छेने केले’ ही भावना त्यासाठी निर्णायक असते, हा जुना दावा टिकला नाही.

पाण्यापुरता उपयोगी पडेल असा प्रयोग मात्र १९९२ मध्ये एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात केला. विद्यापीठाच्या तरणतलावातून बाहेर पडणाऱ्या काही विद्यार्थिनींना ‘पाणी जपा’ अशा फलकावर सही करायला लावली आणि त्यांच्या स्वतःच्या पाणीवापराबद्दल प्रश्नही विचारले. त्यांची शॉवरखालील आंघोळ चार मिनिटांच्या आत आटोपली. ज्यांना काहीच विचारले नव्हते त्यांना सुमारे पाच मिनिटे लागली. नुसता उपदेश किंवा नुसती आठवण यांपेक्षा दोन्हींचा जोड अधिक प्रभावी ठरला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा प्रयोग वाचून काही केले नाही. पण तेथे पाऊस मोजला जातो, गावच्या पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्या आकड्यांवरून पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका खोदायला तेथे बंदी आहे, आणि ऊस लावायलाही.