गाडीमागचा कॅरिअर : निवडीपूर्वी वजनाचे गणित

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, पुण्या-मुंबईच्या पर्यटकांची वर्दळ सुटीच्या दिवसांत वाढते. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि पावसाळ्याच्या तोंडावर चमकणारे काजवे ही त्यामागची आकर्षणे होत. तंबू, शेगडी, खुर्च्या, पाण्याचे कॅन असा संसार घेऊन निघणाऱ्यांना गाडीतील जागा अपुरी पडते. पिकअपच्या हौद्यावर राहण्याची छोटी खोली, म्हणजे कॅम्पर, बसवला असेल तर सामानाला हौदाही उरत नाही. अशा वेळी गाडीच्या मागील हिचमध्ये अडकवायचा कॅरिअर हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र त्याची निवड केवळ आकार आणि किंमत पाहून करणे धोक्याचे असते.

ट्रॉली आणि कॅरिअर यांतील फरक

गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या जिल्ह्यात ठिकठिकाणी दिसतात. ट्रॉलीचे बहुतांश वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असते. ट्रॅक्टरच्या जोडणीवर प्रामुख्याने ओढ येते. हिचवरील कॅरिअरला चाके नसतात. त्याचे आणि त्यावरील सामानाचे संपूर्ण वजन जोडणीला लोंबकळत राहते. म्हणूनच ‘ही गाडी दीड टनाचा ट्रेलर ओढते’ या माहितीचा येथे उपयोग नाही. हिचवर सरळ खाली किती वजन चालते, हा आकडा पाहावा लागतो. ट्रेलरसाठी तो सामान्यतः ओढण्याच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो. गाडीची पुस्तिका, हिचवरील पट्टी आणि कॅरिअर या तिन्हींवरील आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा हीच खरी मर्यादा होय. त्यातून कॅरिअरचे स्वतःचे वजन वजा करावे. लोखंडी कॅरिअरच २० ते ३० किलोंचा असू शकतो.

मागील आसावरील भार

दुसरा मुद्दा तरफेचा आहे. गाडीच्या दोन्ही आसांमधील अंतर ३.१ मीटर आहे आणि कॅरिअरचा मध्य मागील आसाच्या १.५५ मीटर मागे आहे, असे धरू. त्यावर १०० किलो सामान ठेवल्यास मागील आसावर १०० नव्हे, तर १५० किलो भार वाढतो आणि पुढील आसावरचा ५० किलोंनी घटतो. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटू लागते, ओल्या घाटात त्यांची पकड कमी होते आणि हेडलाइटचा झोत वर जातो.

कॅम्पर हौद्याच्या मागे बाहेर आलेला असेल तर कॅरिअर त्याच्याही पलीकडे नेण्यासाठी जोडनळी घालावी लागते. त्यामुळे तरफ आणखी लांबते. जोडनळी वापरताना हिचची क्षमता बरीच कमी, काही वेळा निम्मीच, धरण्याची सूचना उत्पादक देतात. कॅम्परमुळे मागील आस आधीच मर्यादेजवळ असेल, तर कॅरिअरचा विचार सोडून देणे शहाणपणाचे ठरते.

निवडताना काय पाहावे

चेंडूच्या आकाराचा हुक ट्रेलरसाठी असतो. या प्रकारच्या कॅरिअरसाठी चौकोनी पोकळ नळीचा हिच लागतो. जड कामासाठी दोन इंची (सुमारे ५१ मिलिमीटर) नळी आणि १६ मिलिमीटरची पिन वापरतात. सव्वा इंची नळी हलक्या वजनापुरतीच ठीक. मोठ्या नळीत लहान दांडा पट्ट्या घालून बसवता येतो, पण त्यामुळे क्षमता वाढत नाही. हिच चासीला पक्क्या नटबोल्टांनी जोडलेला असावा. बंपरला किंवा जागेवर केलेल्या वेल्डिंगला तो भार सोपवू नये. दांडा नळीत खडखडत असेल तर तो आवळणारी क्लॅम्प घ्यावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर ही खडखड केवळ आवाजापुरती राहत नाही, पिन आणि नळी दोन्ही झिजवते.

जमिनीपासूनची उंचीही मोजावी. मागच्या चाकाच्या टेकण्यापासून गाडीचे शेवटचे टोक एक मीटर मागे आणि अर्धा मीटर उंच असेल, तर सुमारे २७ अंशांचा चढ सुरू होईपर्यंत गाडीची शेपटी घासत नाही. तेच टोक कॅरिअरमुळे ६० सेंटिमीटर मागे गेले की हा कोन १७ अंशांवर येतो. जलाशयाकाठच्या कच्च्या वाटांवर हा फरक लगेच जाणवतो. यासाठी वर उचललेल्या दांड्याचा कॅरिअर उपयुक्त असतो.

जाळीदार तळातून पाणी आणि चिखल निघून जातो. बंद पेटीत सामान कोरडे राहते, पण पेटीचे वजन वाढते. जाळीचा कॅरिअर घेतल्यास ताडपत्री आणि खटक्याचे पट्टे हवेतच. पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून पिन आणि पट्टे पुन्हा तपासावेत.

कोणते सामान कोठे

पाण्याचे कॅन, अवजारे, बॅटरी यांसारख्या जड वस्तू गाडीत, मागील आसाच्या पुढे ठेवाव्यात. कॅरिअरवर खुर्च्या, तंबू, चटया असे हलके पण जागा व्यापणारे सामान योग्य. गॅसचा सिलिंडर किंवा पेट्रोलचा कॅन तेथे कधीही बांधू नये. मागून धडक बसल्यास पहिला आघात त्यावरच होतो, शिवाय सायलेन्सरची उष्णताही जवळ असते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १९४ (१अ) मध्ये सामान मर्यादेपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे हिताचे. नंबरप्लेट, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. झाकले जाणारे दिवे कॅरिअरवर पुन्हा बसवावेत आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. रात्री दिवा नसलेली उसाची ट्रॉली मागच्या चालकाला जशी शेवटच्या क्षणी दिसते, तशीच अवस्था न उजळलेल्या कॅरिअरची होते.

काट्यावर खात्री

या साऱ्या हिशेबाची पडताळणी सोपी आहे. हमरस्त्यावरील एखाद्या वजनकाट्यावर प्रवासाच्या पूर्ण सामानासह आणि माणसांसह गाडी न्यावी. आधी संपूर्ण गाडी, मग केवळ मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. ते पुस्तिकेतील मागील आसाच्या मर्यादेपेक्षा अधिक भरले, तर सामान तेथेच कमी करावे. घाट चढायला लागल्यावर ती संधी उरत नाही.