जिंकले परराज्यात, कर घरी

नेवाडात आयकर नाही, तेव्हा लास व्हेगासला जिंकलेले डॉलर सुटले, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत. आमचीही होती. मग आमच्याच एका घरी न्यू जर्सीची नोटीस आली: कर भरा, वर व्याजही! पैसा बाहेर मिळाला, तर घरच्या राज्याचा त्यावर हक्क कसा?

१९२० साली शिकागोच्या शेफर यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचा तेलाचा धंदा ओक्लाहोमात होता. उत्पन्न जिथे होते, ते राज्य बाहेरच्या माणसाकडूनही कर घेऊ शकते, असे ठरले. १९३२ साली दुसरी बाजू ठरली. मिसिसिपीच्या लॉरेन्स यांनी टेनेसीत रस्ते बांधून कमाई केली. राहत्या राज्याचे संरक्षण त्यांना मिळते, म्हणून मिसिसिपीनेही कर घ्यावा, असा निकाल लागला.

एका कमाईला दोन वाटेकरी! म्हणून परराज्यात भरलेला कर घरचे राज्य ठरावीक मर्यादेत वळता करून देते. मेरीलँडने तो पुरता वळता केला नाही, तेव्हा २०१५ साली विन दाम्पत्य सर्वोच्च न्यायालयात जिंकले. तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

जुगारालाही हाच न्याय. पेनसिल्व्हेनियात २००६ पासून कसिनो आहेत. त्या राज्याशी न्यू जर्सीचा करार आहे खरा, पण तो पगारापुरता. तिथे जिंकलात, तर तिथला कर भरा, कागद जपून ठेवा आणि इथे वळता करून घ्या. नेवाडात काही भरलेच नाही, तर वळते काय करणार?