नागरा ते नागझिरा : दुरून कळ दाबण्याचा इतिहास

गोंदिया शहराला लागून असलेले नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिर, महाशिवरात्रीची यात्रा आणि पुरातत्त्वीय उत्खनन यांमुळे विदर्भाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, तर त्याच जिल्ह्यातील नागझिऱ्याचे जंगल वाघ-बिबट्यांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र या दोन ठिकाणी एकच अडचण उभी राहते, ती म्हणजे कळ दाबणारा हात कॅमेऱ्यापासून दूर ठेवण्याची. दगडी मंदिराच्या काळोख्या गर्भगृहात प्रकाश साठायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत बोटाचा नुसता स्पर्शही चित्र हलवतो. जंगलात माणसाचा वास लागला तर जनावर पाणवठ्याकडे फिरकतच नाही. आज ही अडचण शंभर-दोनशे पावलांवरून चालणाऱ्या बिनतारी रिमोटने किंवा जनावराच्या चाहुलीने आपोआप चालणाऱ्या यंत्राने सुटते. बिनतारी संदेशाचे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले असूनही ते सामान्य छायाचित्रकाराच्या हाती यायला जवळजवळ शंभर वर्षे का लागली, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर लहरींच्या विज्ञानात फारसे सापडत नाही. ते कॅमेऱ्याच्या झडपेत, चित्रे साठवण्याच्या क्षमतेत आणि सरकारी परवान्यात शोधावे लागते.

छायाचित्रणाच्या आरंभकाळात दुरून कळ दाबण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दाबायला कळ नव्हती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि त्याच सुमारास मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या लेण्यांची छायाचित्रे घेऊ लागला, तेव्हा भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात अंक मोजायचे आणि झाकण परत लावायचे, एवढीच क्रिया असे. काचेवरचा लेप मंद असल्यामुळे उद्भासन, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा अवधी, इतका दीर्घ असे की हाताने झाकण काढण्यातला थोडाफार विलंब खपून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कोरड्या पट्ट्या अधिक संवेदनशील झाल्या, उद्भासन सेकंदाच्या अंशावर आले आणि भिंगामागे क्षणभर उघडून मिटणारी यांत्रिक झडप, म्हणजेच शटर, बसवावी लागली. ही झडप सोडण्यासाठी रबरी नळीच्या टोकाला एक फुगा जोडत; तो हाताने दाबला की नळीतील हवेच्या दाबाने दट्ट्या सरके आणि झडप सुटे. डिजिटल कॅमेऱ्यावर आजही दिसणारी ‘बल्ब’ ही मांडणी, जिच्यात कळ दाबून धरली असेपर्यंत झडप उघडी राहते, ती त्या फुग्याचीच राहिलेली खूण होय. विसाव्या शतकात फुग्याची जागा वेष्टनात सरकणाऱ्या लवचिक तारेने घेतली आणि ती केबल रिलीज या नावाने रूढ झाली. तिच्या आधाराने छायाचित्रकाराला कॅमेऱ्यापासून हातभर दूर उभे राहता येऊ लागले.

हातभर अंतर मंदिराच्या गाभाऱ्यात पुरेसे होते, जंगलात नव्हते. तेथे पहिला उपाय निघाला तो कळ जनावराच्याच पायाला बांधण्याचा. अमेरिकेत जॉर्ज शायरस याने १८९० च्या दशकात वाटेवर दोरी ताणून आणि तिला झडप व झगझगाट करणारी चूर्ण-बत्ती जोडून हरणांची रात्रीची चित्रे घेतली, आणि १९०६ मध्ये ती ‘नॅशनल जिओग्राफिक’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारतात हीच रीत फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शिवालिकच्या जंगलात वाघासाठी वापरली आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या त्याच्या पुस्तकामुळे ती शिकारीला पर्याय म्हणून चर्चेत आली. या पद्धतीची मर्यादा उघड होती: एकदा दोरी ओढली गेली की एक पट्टी संपली, चूर्ण जळून गेले आणि पुढच्या चित्रासाठी माणसाला तेथे जाऊन सारी मांडणी नव्याने करणे भाग पडले. दोरीला वाघाचा पाय लागतो की रानडुकराचा, हे ठरवणेही छायाचित्रकाराच्या हाती नव्हते.

वस्तुतः हात न लावता दूरची क्रिया घडवण्याचे साधन तोपर्यंत उपलब्ध झाले होते, आणि तेही भारतातच. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लहानशी नाव बिनतारी लहरींनी चालवली. ज्या लहरींनी दारू पेटते त्यांनी झडपही सुटू शकली असती. पण घंटा आणि दारू या दोन्ही गोष्टी विजेच्या लहानशा प्रवाहाने चालू होतात, तर त्या काळातील झडप स्प्रिंगच्या जोरावर चालणारी आणि बोटाच्या दाबाने सुटणारी होती. लहरीने आलेल्या क्षीण संकेताचे बोटाच्या दाबात रूपांतर करायला वेगळे विद्युतचुंबक, बॅटऱ्या आणि यंत्रभाग लागत, आणि ते सारे ओझे कॅमेऱ्यापेक्षा जड होई. म्हणून पहिली अट होती ती कॅमेऱ्याची कळच विजेवर चालण्याची. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याला विजेवर चालणारी मोटर जोडता येऊ लागली, १९७० च्या दशकात त्याच कंपनीने अवरक्त किरणांवर आणि रेडिओ लहरींवर चालणारे नियंत्रक विकायला काढले, आणि १९७६ मध्ये बाजारात आलेल्या कॅनन एई-१ मध्ये झडप सोडण्याचे काम विद्युतचुंबकाकडे गेले. कळ दाबणे म्हणजे दोन धातूच्या पट्ट्यांचा क्षणभर संपर्क घडवणे, एवढाच अर्थ उरल्यावर तो संपर्क बोटाने घडतो की लहरीने, याने कॅमेऱ्याला फरक पडेनासा झाला.

आजच्या साध्या रिमोटची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. त्याचे दोन भाग असतात: हातात धरायचा प्रेषक आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅशसाठी असलेल्या खाचेत सरकवायचा ग्राहक. ग्राहकातून निघणारी वीतभर वायर कॅमेऱ्याच्या बाजूच्या छोट्या छिद्रात बसते आणि तिच्या खुंटीवर तीन वेगळे संपर्क असतात. पहिला सामाईक, दुसरा फोकससाठी, म्हणजे भिंग वस्तूवर स्थिर करण्यासाठी, आणि तिसरा झडपेसाठी. प्रेषकाची कळ अर्धी दाबली की ग्राहक पहिल्या दोन संपर्कांना जोडतो आणि भिंग फिरू लागते; पूर्ण दाबली की तिसराही जोडला जातो आणि झडप सुटते. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या स्वस्त रिमोटला, टीव्हीच्या रिमोटप्रमाणे, कॅमेऱ्याच्या समोर पाच-सहा मीटरच्या आत यावे लागते आणि भर उन्हात त्याचा संकेत सूर्यप्रकाशात हरवतो. रेडिओ लहरींना भिंत, झाडी किंवा मंडपाचे कापड फारसे आड येत नाही. म्हणून घरगुती समूहचित्रापुरते अवरक्त किरण चालून गेले, पण व्यवसायाला आणि जंगलाला रेडिओच लागला.

रेडिओच्या वाटेवर भारतात दुसरा अडसर कायद्याचा होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार कोणतेही बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा होता. घरातल्या रेडिओसाठी टपाल कार्यालयात वर्षाला शुल्क भरून पुस्तिकेवर शिक्का घेण्याची रीत याच व्यवस्थेचा भाग होती आणि ती १९८० च्या दशकापर्यंत चालली. लहरी प्रक्षेपित करणारे उपकरण, मग ते काडेपेटीएवढे का असेना, त्याच चौकटीत मोडे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ही सूट प्रामुख्याने संगणकाच्या वायफाय जाळ्याच्या संदर्भात चर्चिली गेली, परंतु याच पट्ट्यावर चालणारे कॅमेऱ्याचे रिमोट आणि फ्लॅशचे ट्रिगरही तिच्या छायेत आले. लग्नसमारंभाच्या छायाचित्रणात याचा परिणाम लवकर दिसला. तोपर्यंत मंडपाच्या कोपऱ्यात उभा केलेला दिवा कॅमेऱ्याशी लांब वायरीने जोडावा लागे आणि वऱ्हाडी मंडळींचे पाय तिच्यात अडकत. शिवाय जुन्या दिव्यांच्या वायरीतून परत येणारा शेकडो व्होल्टचा दाब डिजिटल कॅमेऱ्यातील नाजूक मंडले जाळू शकत असे, त्यामुळे वायर काढून टाकणे ही सोयीइतकीच सुरक्षिततेचीही बाब होती.

तिसरी अट साठवणुकीची होती, आणि जंगलाच्या बाबतीत तीच निर्णायक ठरली. फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रे मावत. माणूस कळीवर असेल तर तो जपून दाबतो, पण माणसाविना चालणारे यंत्र वाऱ्याने हललेल्या गवतावर किंवा वानरांच्या टोळीवर सारा रोल एका सकाळीत संपवू शकते. तरीही वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे फिल्मच्या कॅमेऱ्यांवरच काम करून, प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते या आधारावर वाघांची संख्या अनुमानित करण्याची सांख्यिकी पद्धत १९९५ मध्ये मांडली. तोपर्यंत देशभर ओल्या मातीतील पाऊलखुणांचे ठसे काचेवर उतरवून वाघ मोजले जात, आणि महाराष्ट्राच्या अभयारण्यांत वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून येणारी जनावरे नोंदवण्याची रीत होती. २००५ मध्ये राजस्थानातील सारिस्का व्याघ्र प्रकल्पातील वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाल्यावर पाऊलखुणांच्या गणनेवरचा विश्वास उडाला आणि २००६ पासूनच्या राष्ट्रीय गणनेत कॅमेरा ट्रॅपला स्थान मिळाले.

कॅमेरा ट्रॅप हे रिमोटचेच पुढचे रूप आहे, कारण त्यात प्रेषकाचे काम जनावराचे शरीर करते. यंत्रातील संवेदक परिसराच्या तापमानापेक्षा वेगळ्या तापमानाची हालचाल टिपतो आणि झडप सोडतो. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे एकसारखे नसल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन यंत्रे बांधतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ चित्रे टिपली. त्यांतील वाघांची चित्रे ७६,६५१, म्हणजे सुमारे ४५५ चित्रांमागे एक. हेच काम फिल्मवर करायचे झाले असते तर साडेनऊ लाखांहून अधिक रोल लागले असते, यावरून डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा घेणाऱ्या स्मृतिपत्राचे, म्हणजे मेमरी कार्डाचे, महत्त्व ध्यानी यावे.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला आणि नवेगाव, नागझिरा व कोका यांचा मिळून व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झाला. या जंगलाचे मराठी वाचकाच्या मनातील चित्र व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून घडले, आणि ते दोघेही तासन्‌तास एका जागी बसून पाहण्याच्या परंपरेतले होते. त्याच नागझिऱ्यातील ‘जय’ हा नर वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला, पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा घातला गेला आणि तरीही एप्रिल २०१६ नंतर त्याचा माग लागला नाही. बिनतारी साधनाची सीमा या घटनेने दाखवून दिली: संकेत येत असेपर्यंतच ते सांगू शकते, आणि तो थांबल्यावर पुन्हा पायी फिरणाऱ्या वनरक्षकावर भिस्त ठेवावी लागते.

हात कॅमेऱ्यापासून जसजसा दूर गेला तसतसे छायाचित्रकाराचे कौशल्यही स्थलांतरित झाले. झाकण काढून अंक मोजणाऱ्या गिलचे कसब उद्भासनाच्या क्षणात होते. रिमोट आणि ट्रॅप वापरणाऱ्याचे कसब त्या क्षणाच्या आधी, जागा, उंची आणि कोन ठरवण्यात असते. उत्खननातील चराचे वरून चित्र घेण्यासाठी उंच काठीच्या टोकाला कॅमेरा बांधून खालून रिमोट चालवणाऱ्यालाही काठी उभी करण्यापूर्वीच सावली कोणत्या बाजूला पडेल याचा हिशेब करावा लागतो. जबाबदारीही याच क्रमाने आधीच्या निर्णयाकडे सरकते. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील कॅमेरा ट्रॅपविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की वाघासाठी लावलेली यंत्रे सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांनाही टिपतात आणि त्यांच्या जंगलातील वावरावर त्याचा दाब येतो. मोहफुले आणि तेंदूपत्त्यासाठी जंगलात जाणाऱ्या गोंदियाच्या गावांनाही हा प्रश्न लागू आहे. यंत्र स्वतः वाघ आणि माणूस यांत भेद करत नाही. म्हणून वाघाची वाट कोणती आणि गावाची वाट कोणती हे जाणणाऱ्या वनरक्षकाने आणि गावकऱ्याने मिळून ते कोणत्या झाडाला बांधायचे हे ठरवणे, हाच या शतकभराच्या तंत्राचा आजचा सर्वांत कळीचा टप्पा आहे.