रंग कच्चा, बदनामी पक्की

'विलायती रंग म्हणजे कच्चा रंग', हे आमच्या बीडकडे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मंडळी, हा आरोप अर्धाच खरा आहे.

बीड जिल्हा कापसाचा, आणि सुती धागा रंगाच्या बाबतीत महाहट्टी. रेशीम, लोकर पटकन रंग धरतात, हा नाही. मराठवाड्यात रंगकाम भावसार आणि रंगरेजांकडे असे. लाल रंग बारतोंडीच्या (म्हणजे आल) मुळ्यांचा. आधी कापडाला तुरटी द्यायची; तिच्यातलं ॲल्युमिनियम धागा आणि रंग यांच्यात दुवा होतं. काम वेळखाऊ, पण रंग पक्का!

१८५६ मध्ये पर्किनने जांभळा मॉव्ह काढला, १८५९ मध्ये मॅजेंटा आला. झगझगीत आणि वापरायला सोपे. पण सुतावर टॅनिनच्या आधाराशिवाय ते टिकत नाहीत, आणि आधार दिला तरी उन्हात उडतात. बीडचं मे महिन्यातलं ऊन आठवा... बदनामी झाली ती यांच्यामुळे.

गंमत अशी की १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या जातीतल्या मॅडरमधलं अलिझरिन प्रयोगशाळेत बनवलं. रेणू तोच, त्यामुळे पक्केपणाही तोच. आलीतलं मोरिंडोन त्याचंच भावंड! १९५६ मध्ये प्रोसिऑन रंग आले. ते तर सुताशी थेट रासायनिक बंध जोडतात.

उलट अस्सल नैसर्गिक हळद घ्या. हळदीत रंगवलेलं कापड चार दिवस उन्हात वाळत घाला. बघा काय उरतं ते!