मुखपट्टी कुणासाठी? : सॅन फ्रान्सिस्कोतील मास्कसक्ती, १९१८-१९

मराठीत 'मुखवटा' आणि 'मुखपट्टी' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद केवळ कोशापुरता नाही. मुखवटा देवाचा असतो, सोंगाचा असतो. तो चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढवतो. मुखपट्टी नवा चेहरा देत नाही. स्थानकवासी जैन साधुसाध्वींच्या मुखावर ती पिढ्यानपिढ्या दिसते, आणि तिथे तिचा हेतू धारण करणाऱ्याचे संरक्षण हा नसून, त्याच्या श्वासाने वा बोलण्याने सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये हा असतो. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द चालतो. २०२० साली आपण तो शब्द जसाच्या तसा उचलला, आणि त्याबरोबर एक जुना संभ्रमही आपल्याकडे आला : तोंड झाकायचे ते स्वतःसाठी, की समोरच्यासाठी?

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो दुकानाच्या दारात. दुकान हे घर नव्हे आणि रस्ताही नव्हे. ते कुणाच्या तरी मालकीचे असते, पण येणाऱ्याला तिथे आपला हक्क वाटतो. शासनाने काढलेला हुकूम तिथे पोलीस राबवत नाही. गल्ल्यावरचा माणूस राबवतो, आणि त्याचे पोट त्याच गिऱ्हाइकावर चालत असते. म्हणूनच मास्कसक्तीविषयीच्या लोकभावनेचा इतिहास लिहायचा तर तो दुकानापासून सुरू करावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्को शहराचे १९१८-१९ मधील उदाहरण आम्ही निवडले आहे. या शहराने एकदा नव्हे, दोनदा सक्ती केली, आणि दोन्ही वेळी लोकांनी दिलेला प्रतिसाद अगदी भिन्न होता.

तत्पूर्वी एक पूर्वपीठिका. साथीच्या काळात कापडी मास्कचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम झाला तो १९१०-११ मधील मांचुरियाच्या फुप्फुसी प्लेगमध्ये. हार्बिनला पाठवले गेलेले तरुण वैद्य वू ल्येन-तेह यांनी हा प्लेग उंदरा-पिसवांवाचूनही श्वासावाटे पसरतो असे प्रतिपादन केले आणि कापूस व जाळीदार कापडाचा मास्क वापरायला लावला. जेराल्ड मेनी या फ्रेंच वैद्याला ते पटले नाही. त्यांनी मास्कशिवाय रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. येथपर्यंत मास्क हा वैद्याचा आणि परिचारकाचा होता. तो बाजारात आला १९१८ च्या इन्फ्लुएन्झात.

सॅन फ्रान्सिस्कोत हा ज्वर सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस शिरला. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम हॅस्लर यांनी ऑक्टोबरच्या मध्यास पहिला हुकूम काढला तो न्हाव्यांसाठी : दाढी-हजामत करताना तोंड झाकले पाहिजे. लगेचच त्यात हॉटेलांतील नोकर, बँकेतील रोखपाल, औषधविक्रेते आणि दुकानांतील विक्रेते यांची भर पडली. म्हणजे पहिली सक्ती गिऱ्हाइकावर नव्हती. ती सेवा देणाऱ्यावर होती. गल्ल्यामागच्या माणसाने समोरच्यासाठी तोंड झाकावे, असा तिचा अर्थ होता. या हुकुमाविरुद्ध मोठी ओरड झाल्याचे दिसत नाही. ज्यांच्यावर तो होता त्यांना ओरड करण्याची सोय तरी कितपत होती, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

२४ ऑक्टोबरला बोर्ड ऑफ सुपरवायझर्स या नगरप्रतिनिधींच्या मंडळाने एकमताने वटहुकूम संमत केला आणि सक्ती सर्वांवर आली. घराबाहेर, दोन वा अधिक माणसे जमतील तेथे, जेवणाची वेळ सोडून, नाकातोंडावर चार पदरी जाळीदार कापड हवे. खाद्यपदार्थ आणि कपडे विकणाऱ्यांचा त्यात वेगळा उल्लेख होता. महापौर जेम्स रॉल्फ, आरोग्य मंडळ, रेड क्रॉस, व्यापारी संघटना आणि कामगार संघटना यांच्या नावांनी वृत्तपत्रांत पानभर आवाहन आले. मास्क घाला आणि आपला जीव वाचवा, असा त्याचा आशय होता, आणि मास्क ९९ टक्के परिणामकारक असल्याची हमीही सोबत होती. रेड क्रॉसने दहा सेंटला एक या दराने मास्क विकायला काढले, तेव्हा पहिले पाच हजार तासाभरात संपले.

येथे अर्थाची एक पालटापालट झाली. न्हाव्याचा मास्क गिऱ्हाइकासाठी होता. आता प्रत्येकाचा मास्क स्वतःच्या जिवासाठी झाला. शिवाय महायुद्ध चालू होते. मास्क न घालणाऱ्याला 'स्लॅकर' म्हणत, आणि हा शब्द त्या दिवसांत युद्धकर्तव्य टाळणाऱ्यासाठी रूढ होता. आत्मरक्षण आणि देशभक्ती अशा दोन आधारांवर सक्ती उभी राहिली, आणि काही आठवडे ती भक्कम वाटली. २७ ऑक्टोबरच्या एका दिवसात शंभरावर लोकांना शांतताभंगाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. बहुतेकांना पाच डॉलर दंड झाला. मास्क हनुवटीवर उतरवणारे होते, सिगार ओढण्यासाठी त्याला भोक पाडणारेही होते. लगोलग एका औषधाच्या दुकानासमोर आरोग्य खात्याच्या अंमलदाराने मास्क घालण्यास नकार देणाऱ्या एका लोहारावर गोळी झाडली. तो आणि जवळचे दोघे जखमी झाले. मुष्टियुद्धाच्या सामन्यात टिपलेल्या एका छायाचित्रात तर खुद्द महापौर आणि डॉ. हॅस्लर मास्कविना दिसले. दोघांनाही दंड भरावा लागला.

तरीही शहराने हुकूम मानला. ११ नोव्हेंबरला युद्धविरामाची वार्ता आली आणि हजारो लोक नाचत-गात रस्त्यावर उतरले, तेही मास्क घालून. २१ नोव्हेंबरला भर दुपारी शहरभर भोंगे वाजले, सक्ती संपली, आणि पदपथांवर फेकलेल्या मास्कचा खच पडला. या दृश्यात केवळ सुटकेचा आनंद पाहणे पुरेसे नाही. युद्ध संपल्यामुळे सक्तीचा एक आधार गळाला होता, आणि साथ ओसरल्यामुळे दुसराही गळाल्याची समजूत झाली होती.

डिसेंबरात रुग्ण पुन्हा वाढू लागले. रॉल्फ व हॅस्लर यांनी पुन्हा सक्तीची मागणी केली, तेव्हा विरोधाला सर्व बाजूंनी तोंड फुटले. नाताळच्या खरेदीचा हंगाम आला होता, आणि तोंड बांधलेले गिऱ्हाईक दुकानाकडे पाठ फिरवील ही व्यापाऱ्यांची धास्ती होती. ज्या व्यापाऱ्यांच्या नावे ऑक्टोबरात आवाहन निघाले, त्यांच्यातूनच आता विरोध येत होता. ख्रिश्चन सायन्स पंथाचे अनुयायी आणि नागरी स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते यांनीही हरकती घेतल्या. डॉ. हॅस्लर यांच्या नावे एक घरगुती बॉम्बही सापडला. १९ डिसेंबरला मंडळाने प्रस्ताव फेटाळला. जानेवारीत मात्र मृत्यू वाढले, मंडळाचे मत फिरले आणि १७ जानेवारी १९१९ पासून सक्ती परत आली.

या दुसऱ्या सक्तीविरुद्ध 'अँटी-मास्क लीग' स्थापन झाली. तिच्या अध्यक्ष श्रीमती ई. सी. हॅरिंगटन या वकील होत्या, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत वावरलेल्या होत्या, आणि महापौरांच्या राजकीय विरोधकही होत्या. २५ जानेवारीला लीगची मोठी जाहीर सभा झाली. तिथेही एकमत नव्हते : कुणाला हुकूम रद्द करून हवा होता, कुणाला हॅस्लर यांची हकालपट्टी हवी होती. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. त्या हिवाळ्याअखेर शहरात ४५ हजारांच्या आसपास रुग्णांची नोंद झाली होती आणि तीन हजारांहून अधिक माणसे दगावली होती.

या विरोधकांकडे अडाण्यांचा जमाव म्हणून पाहण्याचा मोह २०२० नंतरच्या लेखनात वारंवार दिसतो. आम्हांला तो इतिहासदृष्ट्या सदोष वाटतो. हॅरिंगटनबाईंसारखी स्त्री, जिने नागरिकत्वाचा हक्क नुकताच झगडून मिळवलेला पाहिला होता, ती शरीरावरील हुकुमाकडे संशयाने पाहील यात नवल नाही. दुसरे असे की, विरोधकांच्या सर्व शंका पोकळ नव्हत्या. कॅलिफोर्निया राज्य आरोग्य मंडळाचे डब्ल्यू. एच. केलॉग यांनी साथीनंतर आकडेवारी आणि प्रयोग यांच्या आधारे असा निष्कर्ष काढला की, त्या जाळीदार कापडाच्या मास्कची सिद्ध झालेली उपयुक्तता सक्तीचे समर्थन करण्याइतकी नव्हती. चार पदरी जाळीचे कापड आणि आजचा श्वसनरक्षक मास्क यांत पुष्कळ अंतर आहे, हे खरे. पण १९१८ च्या नागरिकाला ९९ टक्क्यांची हमी दिली गेली होती, आणि त्याने शेजारी मरताना पाहिले. हमी खोटी ठरली की मास्कबरोबर हमी देणाऱ्यावरचा विश्वासही उडतो. मर्यादित उपयोगाची गोष्ट मर्यादित म्हणूनच सांगितली असती, आणि ती समोरच्यासाठी आहे हे न्हाव्याला सांगितले तसे सर्वांना सांगितले असते, तर दुसऱ्या सक्तीचे स्वागत निराळे झाले असते काय? खात्रीने सांगता येत नाही. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मराठी वाचकाला येथे १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबईत १८९६ साली मूळचे गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाठोपाठ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. तुलना जपून केली पाहिजे. पुण्यात परकी सत्ता माजघरात शिरली होती. सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेले मंडळ दुकानाच्या दाराशी थांबले होते. पण एक धडा दोन्हीकडे समान आहे. टिळकांनी प्लेगच्या काळात पुणे सोडले नाही, हिंदू प्लेग हॉस्पिटल काढण्यात पुढाकार घेतला, आणि त्याच वेळी कमिटीच्या रीतीवर कठोर टीकाही केली. उपाय हवा आणि उपायाची रीत नको, ही भूमिका एकाच माणसाची असू शकते. सक्तीचे समर्थक आणि विरोधक अशी दोनच खाती उघडणाऱ्याला ती कुठे मांडावी ते कळत नाही. आणि त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. दुसऱ्यासाठी पत्करलेल्या जोखमीचे याहून थोर उदाहरण आपल्या इतिहासात शोधायला जावे लागत नाही.

हाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला. ८ एप्रिल २०२० ला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठीचा आपला सल्ला बदलला तो ५ जूनला, आणि इंग्लंडमध्ये दुकानांतील सक्ती आली २४ जुलैला. आपल्याकडे दुकानादुकानांवर 'मास्क नाही तर प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्राने ही सक्ती उठवली. या दोन वर्षांत भोंगा वाजला नाही आणि लीगही निघाली नाही. पण हनुवटीवरचा मास्क, दंडाची पावती आणि बिनमास्कचे पुढारी हे सारे १९१८ चेच होते. मे २०२० मध्ये अमेरिकेतील फ्लिंट शहरात मास्कचा नियम सांगितला म्हणून एका दुकानाच्या सुरक्षारक्षकाला गोळी घालून मारण्यात आले. हुकूम वर निघतो आणि त्याची किंमत दारात उभा असलेला माणूस मोजतो, हे त्या घटनेने पुन्हा दाखवले.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी शेवटी एक निरीक्षण. आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने १९१८ च्या साथीला अमेरिकेने विसरलेली महासाथ म्हटले. कॅथरिन अॅन पोर्टर यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'पेल हॉर्स, पेल रायडर' सारखे मोजके अपवाद सोडले तर साहित्यात ती क्षीणपणेच उमटली. जे उमटले तेही रुग्णशय्येवरून. गल्ल्यामागून त्या दिवसांकडे पाहणारे लेखन निदान आमच्या वाचनात नाही. ज्या विक्रेत्याने, न्हाव्याने, औषधविक्रेत्याने सर्वांत आधी तोंड बांधले, इतरांना बांधायला सांगितले आणि त्यांचा राग झेलला, त्याची साक्ष वटहुकुमात नाही आणि लीगच्या ठरावांतही नाही. आपल्याकडच्या किराणा दुकानदारांच्या, मेडिकलवाल्यांच्या, दारात तापमापक धरून उभ्या राहिलेल्या मुलांच्या आठवणी मात्र अद्याप ताज्या आहेत. त्या विचारून घेण्याचे आणि लिहून ठेवण्याचे काम मराठीच्या वर्गांतून आजच होण्यासारखे आहे. आणखी वीस वर्षांनी ते होणार नाही.